मुंबई ते विलायत : एका अंतराचा इतिहास

बडोद्यातल्या मराठी घरांत आज असे घर विरळाच, ज्याचे कोणी ना कोणी साता समुद्रापार नाही. कोणाचा मुलगा लेस्टरला, कोणाची नात लंडनला, कोणाचे भाचे-पुतणे आणखी पुढे. आपल्याकडे पाहुणा आला की चहाबरोबर एक प्रश्न हमखास येतो, "किती लांब हो ते?" याचे उत्तर आता कोणी मैलांत किंवा किलोमीटरमध्ये देत नाही. "नऊ-दहा तास," एवढेच सांगतात.

हे उत्तर नेहमी असे नव्हते. एकेकाळी ते महिन्यांत दिले जाई, मग आठवड्यांत, मग दिवसांत. अंतर तेच राहिले आणि उत्तर बदलत गेले. ते कसे बदलले आणि त्यात आपल्या माणसांचा, आपल्या शहराचा वाटा काय होता, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पट्टी आणि धागा

आधी अंतराचेच पाहू. रस्त्याच्या मोजमापात आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना अंतर म्हटले की मैलाचा दगड आठवतो. पण आकाशात दगड रोवता येत नाहीत. शाळेतला भिंतीवरचा नकाशा घेऊन मुंबई आणि लंडन यांच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर तिचा मध्य सीरियाच्या आसपास येतो. ही रेघ सरळ दिसते, पण सर्वांत जवळची नाही.

आता पृथ्वीचा गोल घ्या. मुंबईवर एक टाचणी, लंडनवर दुसरी, आणि दोहोंमध्ये धागा ताणून धरा. धागा आपोआप उत्तरेकडे सरकतो. सौराष्ट्रावरून निघून तो कराचीजवळून जातो, पुढे बलुचिस्तान आणि इराण ओलांडतो. त्याचा बरोबर मध्य जॉर्जियातल्या तिबिलिसी शहराजवळ येतो. तिथून काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असे करत धागा लंडनला पोचतो. या धाग्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधले हेच खरे अंतर. पुढच्या सगळ्या इतिहासात ते एका किलोमीटरनेही बदलत नाही. बदलत जाते ती वाट.

शिडाच्या जहाजांचा काळ

वाफेची जहाजे येण्यापूर्वी विलायतेला जायचे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. ही वाट सुमारे १९,८०० किलोमीटरची, म्हणजे धाग्याच्या लांबीच्या पावणेतीनपट. वारा अनुकूल असला तर चार-पाच महिने, नसला तर सहा. पाच महिने धरले तर सरासरी वेग ताशी साडेपाच किलोमीटर पडतो. अहोरात्र न थांबता पायी चालणाऱ्या माणसाइतका!

या काळातही मराठी माणूस विलायतेला गेला होता. राघोबादादांचा वकील हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला पोचला. तिथे सोवळे-ओवळे सांभाळून स्वयंपाक कसा करायचा ही त्याची मोठी अडचण. ब्रिटिश पार्लमेंटचे प्रसिद्ध सभासद एडमंड बर्क यांनी आपल्या गावच्या घरातले झाडांसाठी बांधलेले काचघर त्याला वापरायला दिले.

त्याच्याहून आपल्याला जवळचे नाव रंगो बापूजींचे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झगडत राहिले. ते तिथे असतानाच १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. ज्यांच्यासाठी वकील दारोदार फिरत होता ते धनी जगात नाहीत, हे त्या वकिलाला कळायलाही आठवड्यांवर आठवडे लागत, असा तो काळ. १८५३ मध्ये रंगो बापूजी परत आले ते रिकाम्या हातांनी. अंतर म्हणजे नुसता प्रवासाचा त्रास नाही. अंतर म्हणजे वेळेवर न कळणे आणि वेळेवर न पोचणे. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

वाफ, कालवा आणि तार

१८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' हे मुंबईत बांधलेले वाफेचे जहाज मुंबईहून निघून ३२ दिवसांत सुवेझला पोचले. सुवेझहून उंटावर किंवा घोडागाडीने वाळवंट ओलांडायचे, अलेक्झांड्रियाला दुसरे जहाज धरायचे, अशी तुकड्यातुकड्यांची वाट सुरू झाली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि बोट न बदलता थेट जाता येऊ लागले. सागरी वाट सुमारे ११,६०० किलोमीटरवर आली, म्हणजे आठ हजार किलोमीटर वाचले.

पण कालव्याइतकीच मोठी घटना त्याच्या पाठोपाठ घडली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. १८७० मध्ये मुंबई, एडन, सुवेझ अशी समुद्राच्या तळाने तार टाकली गेली आणि ती पुढे इंग्लंडपर्यंत जोडली गेली. तार येण्यापूर्वी बातमी आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करत, कारण बातमीही जहाजातूनच येई. आता बातमी काही तासांत पोचू लागली आणि माणसाला मात्र तीन आठवडे लागत राहिले. जवळचे कोणी गेल्याची तार लंडनला त्याच दिवशी मिळे. पण मुलगा निघाला तरी दहावा, तेरावा उलटून गेलेला असे. कळते आहे आणि जाता येत नाही, ही नवी वेदना तारेने जन्माला घातली. यानंतरची साठ-सत्तर वर्षे ही बातमी आणि माणूस यांच्यातली फट बुजवण्याचीच वर्षे होती, असे आम्हाला वाटते.

बोटीचा वेग किती होता? एक पक्के उदाहरण आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलै १९१० रोजी लंडनहून निघाली. मार्सेलिसला ८ जुलैची ती जगप्रसिद्ध उडी झाली. पुन्हा पकडून, एडनला बोट बदलून, त्यांना २२ जुलैला मुंबईला आणले गेले. म्हणजे २१ दिवस. थांबे धरून सरासरी ताशी तेवीस किलोमीटर. टपाल याहून लवकर येई, कारण ते युरोपभर आगगाडीने धावून इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात बोटीवर चढे. ज्यांना परवडे ते प्रवासीही मार्सेलिसपर्यंत आगगाडीने जाऊन आठवडाभर वाचवत.

आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये युरोपचा पहिला प्रवास केला. निद्रानाशाने ते त्रस्त होते आणि हवापालटाचा सल्ला मिळाला होता. त्यानंतर ते वारंवार जात राहिले. बडोद्याहून आगगाडीने मुंबई, मुंबईहून बोट, असा प्रत्येक खेपेला जाण्या-येण्यातच महिना-दीड महिना जाई. पण तो वेळ वाया गेला असे कोण म्हणेल? अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात आणून गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या वाचनालयांतून पुस्तके आणली, त्यांचे मूळ त्या बोटींच्या प्रवासांत आहे.

बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये परदेशी गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये लंडनहून परतले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांनी आपले सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते. ते जहाज शत्रूने बुडवले आणि वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बाबासाहेब स्वतः सुखरूप पोचले. आणि मग आमच्या या शहरात नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी खानावळीत आसरा घेतला, तिथूनही त्यांना बाहेर काढले गेले. हजारो किलोमीटरचा पाणबुड्यांनी भरलेला समुद्र पार करता आला, पण आपल्या गल्लीतला एक उंबरठा ओलांडता आला नाही. अंतरांचा इतिहास लिहिताना हे अंतर वगळले तर तो अप्रामाणिकपणा होईल. कमाटीबागेतून जाताना आपल्या मुलांना आपण हे सांगितले पाहिजे.

या उत्सवाला ज्यांनी सार्वजनिक रूप दिले ते लोकमान्यही या बोटीच्या वाटेने गेले. चिरोल खटल्यासाठी १९१८ मध्ये ते विलायतेला गेले आणि १९१९ च्या अखेरीस परतले. म्हणजे १९१९ चा गणेशोत्सव पुण्यात लोकमान्यांविना झाला. आज एखादा पुढारी दोन दिवसांसाठी लंडनला जाऊन आरतीला परत येतो. तेव्हा ते शक्यच नव्हते.

पंख फुटले

१९२९ च्या मार्च अखेरीस इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी आठवड्यातून एकदा सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, आणि तोही सलग विमानाचा नाही. लंडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र, आणि अलेक्झांड्रियाहून पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराची. रात्री उड्डाण नाही, मुक्काम.

पण कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबईला आगगाडीनेच येई. ही त्रुटी जे. आर. डी. टाटांनी भरून काढली. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना त्यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये मिळाला होता. १९३० मध्ये भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याची आगाखान स्पर्धा झाली. तेव्हा जे. आर. डी. कराचीहून निघाले होते आणि ॲस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये पडली. ॲस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. स्पर्धा ॲस्पीने जिंकली, आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. छोट्या 'पस मॉथ' विमानातून टपालाची पिशवी घेऊन कराचीहून निघाले आणि दुपारी मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. वाटेत अहमदाबादला थांबले. तिथे विमानात भरायचे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते! आपल्या गुजरातच्या मातीत बैलगाडी आणि विमान यांची ती भेट. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारा मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

गंमत अशी की कराची, अहमदाबाद, मुंबई ही वाट त्या गोलावरच्या धाग्यापासून फार लांब नव्हती. त्या काळच्या छोट्या विमानांना जिथे इंधन मिळेल तिथे उतरणे भाग होते, पण दिशा त्यांनी बरोबर धरली होती.

८ जून १९४८

स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. तिकीट १,७२० रुपये. त्या काळच्या मास्तर-कारकुनाच्या वर्षाच्या पगाराची गोष्ट. तरीही ही घटना केवळ श्रीमंतांची नव्हती. आजवर या वाटेवरची बहुतेक जहाजे, बहुतेक विमाने दुसऱ्याची होती. आता आपल्या देशाचे निशाण घेतलेले विमान आपल्या गावाहून थेट त्यांच्या राजधानीत उतरले. प्रवासाला थांबे धरून साधारण एक अहोरात्र लागले. २१ दिवसांचे काम एका दिवसावर आले. बातमी आणि माणूस यांच्यातली फट बुजत आली. तार मिळाल्यावर निघालेला मुलगा आता दहाव्याला पोचू शकत होता, खिशात पैसे असले तर.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. हेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळले आणि ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते, इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू व्हायला चाललेले. पुढे २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच डोंगरावर कोसळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. शिखर मागे पडले असा वैमानिकाचा समज होता. जमिनीवरून सांगितलेली दुरुस्ती नीट उमगली नाही.

त्या विमानातले टपाल हिमनदीत गाडले गेले आणि बर्फाबरोबर इंच-इंच खाली सरकत राहिले. २०१२ मध्ये सरकारी टपालाची एक पिशवी सापडली आणि आपल्या वकिलातीकडे पोचती झाली, ४६ वर्षांनी. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या बातम्या छापलेली १९६६ ची वर्तमानपत्रे बर्फातून वर आली. ताशी नऊशे किलोमीटरने निघालेल्या टपालाला पोचायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

जेट आले, आणि वेग थांबला

१९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने आली. आकाशात ताशी सुमारे नऊशे किलोमीटर. १९७१ मध्ये जंबो जेट आले, एका वेळी साडेतीनशेच्या आसपास माणसे नेणारे. तिकिटे हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि विलायत ही राजे-बॅरिस्टरांची राहिली नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८३० ते १९६० या १३० वर्षांत हा प्रवास महिन्यांवरून तासांवर आला. पण १९६० पासून आजपर्यंत विमानाचा वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. आजची आधुनिक विमानेही साधारण त्याच नऊशेच्या वेगाने उडतात. वाचला तो थांब्यांचा वेळ. बैरूत, जिनिव्हा गेले आणि उड्डाण सलग झाले. आज मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तासभर कमी. याचे कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर असतो, येताना पाठीशी. शिडाच्या जहाजांना जो वारा लागे, तो आजच्या विमानालाही चुकलेला नाही.

घड्याळाची गंमत वेगळी. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालात आणि दहा तास उडालात, तर लंडनचे घड्याळ संध्याकाळचे साडेपाच दाखवते. घड्याळाप्रमाणे प्रवास साडेचार तासांचा. बाकीचे साडेपाच तास परत येताना फेडावे लागतात.

अलीकडे तर वाट पुन्हा लांबू लागली आहे. धागा आठवा. कराची, इराण, काळा समुद्र, युक्रेन. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश बंद. २०१९ मध्ये काही महिने पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. इराणवर युद्धाचे सावट आले की तीही वाट जाते. मग विमाने अरबी समुद्रावरून, वळसे घेत जातात. केपच्या वळशाची आठवण व्हावी अशी ही स्थिती आहे. समुद्राने घातलेले वळसे माणसाने बुद्धीने काढले, आणि माणसानेच आकाशात नवे वळसे घातले.

आणि १२ जून २०२५ चा दिवस तर आपण कोणीच विसरू शकणार नाही. अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाण घेताच कोसळले. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, आणि खाली जमिनीवरही माणसे गेली. त्या सगळ्यांना आमची श्रद्धांजली.

उरलेले अंतर

आता पुन्हा त्या फटीकडे येऊ. आज बातमी क्षणात येते. नातवाचा चेहरा रोज मोबाइलवर दिसतो. विमान दहा तासांत पोचवते. मग मुले वेळेवर का पोचू शकत नाहीत? कारण उरलेले अंतर विमानाचे नाही. ते रजेचे आहे, ऐनवेळच्या तिकिटाच्या दराचे आहे, व्हिसाच्या मुदतीचे आहे. आणि बडोद्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या चारशे किलोमीटरचे आहे, ज्यात विमानाच्या निम्मा वेळ जातो. यातले काही सरकारच्या हाती आहे, काही नशिबाच्या. पण काही आपल्याही हाती आहे.

मुले तिकडे असलेली अनेक जोडपी आपल्या मंडळात आहेत. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मुलगा कितीही धावला तरी दहा तास आणि वर आणखी दहा तास लागणारच. शेजारचा माणूस दोन मिनिटांत येतो. म्हणून आमची सूचना आहे की या वर्षी वर्गणीच्या यादीबरोबर मंडळाने आणखी एक यादी करावी. कोणाच्या घरी ज्येष्ठ एकटे आहेत, त्यांच्या मुलांचे फोन कोणते, आणि गल्लीतले कोणते दोघे हाकेला धावतील, याची. रंगो बापूजींच्या काळी जे साधले नाही ते आज साधता येते. ७,२०० किलोमीटर कमी करणे आपल्या हाती नाही, दोन घरांमधले अंतर कमी करणे आहे.

श्रींच्या चरणी हीच प्रार्थना, की दूर असलेले सुखरूप येत-जात राहोत आणि जवळ असलेले एकमेकांना अंतर न देवोत. गणपती बाप्पा मोरया!